पाच वर्षांच्या गिनी पिगला दोन गाठी: ऑपरेशन करावं की राहू द्यावं?

ठकीचिंगी

नमस्कार. माझ्या ठकीच्या (मादी, वय पाच पूर्ण) अंगावर दोन गाठी आहेत आणि दोन डॉक्टरांनी अगदी उलट सल्ले दिलेत. माझं काही ठरत नाहीये, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

एक गाठ पाठीवर आहे, अगदी खाली, ढुंगणाच्या थोडी वर. ती जुनी आहे. मऊ लागते, चिमटीत धरली तर कातडीबरोबर सरकते. मध्यंतरी तिच्या मधोमध काळं तोंड दिसायला लागलं आणि त्यातून आपोआप घट्ट, पांढरट मळ बाहेर आला. मग ती बसली, पण हळूहळू पुन्हा भरली. ठकीला तिचा काही त्रास दिसत नाही.

दुसरी गाठ पोटाखाली, डाव्या आचळाला लागून. नखं कापताना हाताला लागली तेव्हा वाटाण्याएवढी होती, आता जवळजवळ दोन सेंटिमीटर आहे. ही टणक आहे, कडा ओबडधोबड आहेत. आचळावर खपली धरते आणि एकदा फ्लीसवर (पिंजऱ्यात अंथरलेलं मऊ कापड) रक्ताचा बारीक डागही दिसला.

वजन नेहमी ९६० ग्रॅमच्या आसपास असायचं, आता ९१० आहे. भाजी दिसली की धावत येते, पण सुकं गवत पूर्वीसारखं तासन्‌तास चघळत नाही, मधेच सोडून झोपते. चिंगीशी (तिची जोडीदार) नेहमीसारखीच वागते.

पहिले डॉक्टर म्हणाले, वय झालंय, भूल सोसणार नाही, आहे तसं राहू द्या. दुसऱ्यांनी हात लावून पाहिलं आणि म्हणाले, दोन्ही गाठी लगेच काढू. तपासणी कुणीच सुचवली नाही. नवरा म्हणतो, उरलेले दिवस तिला सुखाने जगू दे, टेबलावर गेली तर स्वतःला माफ करू शकणार नाहीस. मला त्याचंही पटतं. आणि रात्री ती गाठ हाताला लागली की वाटतं, आपण नुसतं बघत बसलोय आणि ती वाढतेय.

तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल तर कसं ठरवलंत ते सांगा. पोटात गोळा आलाय नुसता.

गवतवाली

ताई, आधी एक करा. या दोन गाठींचा विचार वेगवेगळा करा. दोन्ही डॉक्टरांनी त्यांची एकच मोट बांधली, एकाने दोन्ही सोडून दिल्या आणि दुसऱ्याने दोन्ही कापायला घेतल्या, म्हणून तुम्हाला सुचेनासं झालंय.

पाठीवरच्या गाठीचं तुम्ही केलेलं वर्णन वाचून मला तरी ट्रायकोफॉलिक्युलोमा आठवला. केसांच्या मुळांपासून होणारी साधी गाठ. गिनी पिगच्या कातडीवरच्या गाठींमध्ये हीच सगळ्यांत जास्त दिसते, आणि बहुतेक वेळा पाठीच्या खालच्या भागातच. मधोमध तोंड असणं, आतून पांढरा मळ येणं, रिकामी होऊन पुन्हा भरणं, हे सगळं त्यात बसतं. ती शरीरात पसरत नाही. फक्त दाबून रिकामी करू नका. आतली पिशवी तशीच राहते म्हणून ती पुन्हा भरते, आणि दाबताना आतल्या आत फुटली तर सूज येऊन पू होतो. पिशवीसकट नीट काढली तर सहसा परत येत नाही. पण ती काढायची घाई नाही. फुटत असेल, माश्या बसत असतील, ठकी किंवा चिंगी चावत असेल, तरच.

तुमचा खरा प्रश्न पोटाखालच्या गाठीचा आहे. गिनी पिगला दोनच आचळं असतात, मांड्यांच्या आतल्या बाजूला, आणि गाठी नर-मादी दोघांनाही होतात. माझ्या बापूला (नर होता) झाली होती. नरांमध्ये या गाठी कॅन्सरच्या निघण्याचं प्रमाण जास्त असतं, त्याचीही तशीच निघाली. माद्यांमध्ये पुष्कळदा साध्या निघतात, पण तेवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. टणक, वेगाने वाढणारी, आचळातून रक्त: यातली एक गोष्ट असती तरी मी तपासून घेतलं असतं. तुमच्याकडे तिन्ही आहेत.

म्हणून ऑपरेशन करू की नको हे आज ठरवूच नका. आज फक्त सुईच्या तपासणीचं ठरवा. बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. माणसांत करतात तीच एफएनएसी. बापूला भूलसुद्धा द्यावी लागली नव्हती. मी त्याला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं, डोळ्यांवर हात ठेवला, आणि डॉक्टरांनी खालून काम उरकलं. एकदा किंचाळला, मग लगेच कोथिंबीर खायला लागला.

आणि गाठ संशयास्पद निघाली तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी छातीचा एक्स-रे. फुप्फुसात पसरलं असेल तर पोटाखालची गाठ कापून तिला वेदनेशिवाय काही मिळणार नाही. बापूचा एक्स-रे स्वच्छ होता म्हणूनच मी हो म्हटलं. त्यानंतर तो वर्षाहून जास्त मजेत जगला आणि गेला तो वेगळ्याच कारणाने, मूतखड्याने.

यजमानांना सांगा की 'राहू देणं' हाही निर्णयच आहे, आणि तोही माहिती हातात घेऊनच घ्यायला हवा. आचळाजवळची गाठ वाढत गेली तर जमिनीला घासते, कातडी फाटते, लघवी लागून चिघळते. ते दिवस सुखाचे नसतात.

सोन्याचा बाबा

गवतवालींशी सहमत. पण दुसरी बाजूही इथे यायला हवी म्हणून लिहितो, कारण आम्ही ऑपरेशन केलं नाही आणि आजही तो निर्णय बरोबर वाटतो.

आमचा सोन्या सहा वर्षांचा होता. हावऱ्यासारखा खायचा, तरी वजन उतरत चाललेलं. अंगाला हात लावू द्यायचा नाही, सतत अस्वस्थ. डॉक्टरांनी गळा चाचपला तर थायरॉइडच्या जागी गाठ. रक्तात टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) वाढलेलं. वयस्क गिनी पिगमध्ये हे बऱ्यापैकी दिसतं, फक्त लोक आणि कधीकधी डॉक्टरही दात खराब असतील म्हणून सोडून देतात. गळ्यातल्या त्या जागी कापणं फार जोखमीचं, शिवाय त्याचं हृदयही कमजोर झालं होतं. आम्ही मेथिमॅझोलवर (थायरॉइड आवरणारं औषध) ठेवला. वजन थांबलं, थोडं चढलंही. काही महिने खरोखर चांगले गेले.

नंतर उतार लागला तेव्हा 'कधी' हा प्रश्न आला. गिनी पिग हा शिकार होणारा प्राणी, दुखणं शेवटपर्यंत लपवतो. त्यामुळे 'तो सांगेल तेव्हा' यावर विसंबून राहिलं तर फार उशीर होतो. आम्ही दोघांनी त्याच्या आवडीच्या गोष्टी कागदावर लिहिल्या: फ्रिज उघडला की ओरडणं, पिशवीचा आवाज आला की जाळीवर पुढचे पाय टेकून उभं राहणं, संध्याकाळी मोकळं सोडल्यावर टुणटुण उड्या, आणि माझ्या दंडावर हनुवटी टेकून झोपणं. उड्या आधी गेल्या, ते वयाने असेल म्हणून सोडून दिलं. मग उभं राहणं गेलं. ज्या दिवशी पिशवीचा आवाज होऊन तो कोपऱ्यातून हललाच नाही, अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून बसून राहिला आणि दात करकर वाजवायला लागला, त्या दिवशी आम्ही फोन केला. खाणं पूर्ण थांबायची वाट बघितली नाही. उपाशी पोटी आतडी बंद पडून जाणं फार वाईट असतं.

डॉक्टरांना एक गोष्ट आधीच विचारून ठेवा: शेवटचं इंजेक्शन देण्याआधी गॅसने किंवा औषधाने पूर्ण झोपवणार ना? आमच्या डॉक्टरांनी तसंच केलं, सोन्या माझ्या हातावरच झोपला. आणि जोडीदाराला देह बघू द्या, हुंगू द्या. आमची मुन्नी बराच वेळ त्याच्या कानाशी बसली आणि मग आपणहून उठून गेली. नंतर तिने त्याला पिंजऱ्यात शोधलं नाही.

तुमच्या ठकीवर अजून ही वेळ आलेली नाही असं वाचून तरी वाटतंय. धावत येते म्हणालात ना.

छोटे प्राणी, मोठे दवाखाने

मी प्राण्यांचा डॉक्टर आहे, लहान प्राणी बघतो. न तपासता निदान करणार नाही, पण काही गोष्टी स्पष्ट करतो.

पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची: पाठीवरची गाठ फुटली म्हणून घरात उरलेली अँटिबायोटिक देऊ नका. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधं तोंडावाटे गेली तर गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम हा घातक जिवाणू माजतो आणि चांगला खातापिता प्राणी काही दिवसांत दगावू शकतो. मलमाचंही तेच, कारण ते चाटलं जातं. गरज पडली तर एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा असे सुरक्षित पर्याय आहेत, तेही डॉक्टरांनी वजनावर मात्रा काढून दिलेले.

दुसरं, भुलेची भीती. ती अनाठायी नाही. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात झालेला एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात भूल दिल्यावर दगावण्याचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के, सशांत १.३९ टक्के आणि गिनी पिगमध्ये ३.८ टक्के होतं. म्हणजे गिनी पिगमध्ये साधारण सव्वीसात एक. हा आकडा मी प्रत्येक मालकाला सांगतो. पण त्यात आधीच आजारी असलेले प्राणीही होते, आणि आता भूल देण्याच्या आणि लक्ष ठेवण्याच्या पद्धतीही सुधारल्यात. पाच वर्षं हे वय झालं, आजार नव्हे. ठकीचं हृदय, फुप्फुसं, वजन आणि खाणं कसं आहे यावर भूल सोसण्याची ताकद ठरते. 'वय झालंय' एवढ्यावर नाही म्हणणं मला पटत नाही, आणि न तपासता दोन्ही कापायला घेणंही नाही.

तिसरं, सुईच्या तपासणीने नेहमीच पक्कं उत्तर मिळतं असं नाही. कधी नुसती चरबी येते, कधी रक्त. तरी पू आहे, चरबी आहे, केराटिन (केस-नखं ज्याची बनतात ते द्रव्य) आहे की संशयास्पद पेशी आहेत, एवढं बहुधा कळतं. टोचल्याने कॅन्सर पसरेल अशी भीती बरेच जण बोलून दाखवतात. अशा कातडीखालच्या गाठींत तो धोका इतका कमी आहे की त्यापायी तपासणी टाळू नये.

आणि मादीचं वय बघता सोनोग्राफी करून घ्या. दीड-दोन वर्षांपुढच्या माद्यांमध्ये ओव्हरीतल्या सिस्ट (पाण्याने भरलेल्या पिशव्या) फार आढळतात. दोन्ही कुशींवरचे केस विरळ होणं, आचळांवर खपल्या, चिडचिड, ही त्याची लक्षणं. ठकीच्या आचळावर खपली आहे म्हणून मुद्दाम सांगतोय. कुशीवरचे केस कसे आहेत?

ठकीचिंगी

सगळ्यांचे मनापासून आभार. सोन्याच्या बाबांचं वाचून नवरा आणि मी दोघंही रडलो, पण त्यानंतर पहिल्यांदाच घरात शांतपणे बोलणं झालं.

डॉक्टर, कुशीवरचे केस ठीक आहेत, विरळ नाहीत.

आम्ही ठकीला तिसऱ्याच ठिकाणी नेलं, जिथे ससे आणि गिनी पिग नेहमी येतात. त्यांनी आधी वजन घेतलं, दात बघितले, मग दोन्ही गाठींतून सुईने नमुने घेतले. आज रिपोर्ट आला. पाठीवरच्या गाठीत फक्त केराटिन आणि साध्या पेशी. पोटाखालच्या गाठीत ग्रंथीच्या पेशी आहेत, आकार वेडावाकडा, 'कॅन्सर नाकारता येत नाही, गाठ काढून बायोप्सी करावी' असं लिहिलंय. एक्स-रेमध्ये फुप्फुसं स्वच्छ आहेत. सोनोग्राफीत एका ओव्हरीवर लहानशी सिस्ट, बाकी काही नाही.

डॉक्टर म्हणतात, पोटाखालची काढूया. सिस्ट आहेच तर त्याच भुलेत ओव्हरीही काढायची का, असं त्यांनी आम्हाला विचारलंय. आम्ही ऑपरेशनला होकार दिलाय, पण ओव्हरीचं काय करावं? आणि नंतरची काळजी कशी घ्यायची ते गवतवाली, तुम्ही सांगाल का? त्याचीच मला जास्त धास्ती वाटते.

छोटे प्राणी, मोठे दवाखाने

तुम्ही योग्य क्रमाने गेलात. सिस्ट लहान आहे, लक्षणं नाहीत, तर या वयात मी ओव्हरीला हात लावणार नाही. भुलेचा वेळ वाढवणं हीच जोखीम आहे. पुढे त्रास झालाच तर हार्मोनच्या इंजेक्शनांनीही बघता येतं. पाठीच्या गाठीबाबतही तेच सांगा: आधी पोटाखालची, श्वास आणि तापमान स्थिर असेल आणि वेळ उरला तरच पाठीची. हे आधी बोलून ठेवा, म्हणजे टेबलावर असताना डॉक्टरांना तुम्हाला फोन करत बसावं लागणार नाही.

काढलेली गाठ फेकू देऊ नका, बायोप्सीला पाठवायला सांगा. कडा स्वच्छ आल्या का, म्हणजे गाठ पूर्ण निघाली का, हे त्यातूनच कळतं.

गवतवाली

धास्ती वाटणं साहजिक आहे, कारण ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन दिवस तुमच्याच हातात असतात. सांगते.

तिला उपाशी ठेवून नेऊ नका. गिनी पिगला उलटी होत नाही, आणि पोट रिकामं राहिलं की आतडी मंदावतात. दवाखान्यातलं कुणी सवयीने 'रात्रीपासून काही देऊ नका' म्हणालं तर डॉक्टरांशी पुन्हा बोला. बहुतेक डॉक्टर फक्त तोंडात चारा उरू नये म्हणून शेवटचा थोडा वेळ खाणं थांबवतात. सोबत तिचं नेहमीचं गवत न्या. चिंगीलाही न्या, शुद्धीवर येताना ओळखीचा वास जवळ असला की भीती कमी होते. पूर्ण जागी होईपर्यंत मात्र दोघींमध्ये जाळी ठेवा.

वेदनाशामक घरी द्यायला मागून घ्या. बापूला मेलोक्सिकॅम होतं. दुखत असेल तर ती खाणार नाही, आणि खाल्लं नाही तर टाक्यांपेक्षा मोठं संकट उभं राहील. घरी आणल्यावर अंग गार लागू देऊ नका. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका बाजूला ठेवा, म्हणजे नको वाटलं तर तिला सरकता येईल.

आता भरवण्याचं. आजारी शाकाहारी प्राण्यांसाठी गवताची पूड मिळते, ती पाण्यात कालवून सिरिंजने द्यायची. डॉक्टरांकडून आधीच आणून ठेवा आणि ऑपरेशनच्या आधी तिला एकदोनदा चव दाखवा. तिला मांडीवर तुमच्याच दिशेला पाठ करून बसवा, सिरिंज पुढच्या दातांच्या बाजूच्या फटीतून आत घाला, समोरून नव्हे. थोडंसं सोडा, चावू द्या, गिळलं की पुढचं. घाई केली तर श्वासनलिकेत जातं. उताणी तर कधीच धरू नका. मी दर दोन-तीन तासांनी देत होते, रात्रीही. यजमानांना पाळी वाटून द्या.

त्यांच्या अंगात व्हिटॅमिन सी तयार होत नाही आणि जखम भरायला ते लागतंच, म्हणून आजारपणातली मात्रा डॉक्टरांना विचारून घ्या. पाण्याच्या बाटलीत टाकू नका, चव बदलली की पाणी पिणं कमी करतात, आणि पाण्यात ते टिकतही नाही. थेट तोंडात.

टाके जमिनीला लागतील अशा जागी असणार, त्यामुळे मोकळी भुशी किंवा गवताची गादी काही दिवस बंद. नुसतं फ्लीस किंवा जुना सुती टॉवेल, ओला झाला की लगेच बदला. गवत खायला जाळीत टांगा. टाके सकाळ-संध्याकाळ बघा: लाली, ओल, वास, सूज. ती किंवा चिंगी चावत असेल तर लगेच दवाखान्यात.

वजन रोज एकाच वेळी करा आणि लिहून ठेवा. ठकीचं ९६० धरलं तर ८६५ च्या खाली जाता कामा नये, म्हणजे एकदशांशापेक्षा जास्त घट नको. त्याआधीच फोन करा. लेंड्या मोजत बसायची गरज नाही, पण आकार बघा. बारीक, कोरड्या, किंवा अर्धा दिवस अजिबात नाहीत, तर सकाळची वाट बघू नका. रात्री कुठे न्यायचं ते आत्ताच विचारून नंबर लिहून ठेवा.

ठकीचिंगी

सगळं वहीत उतरवून घेतलं. डॉक्टरांशी बोलले: आधी पोटाखालची, पाठीची वेळ उरला तरच, ओव्हरी नको, गाठ बायोप्सीला. उपाशी ठेवायचं नाही हे त्यांनी आपणहून सांगितलं, तेव्हा जिवाला फार बरं वाटलं. भरवायची पूड आणलीय. पहिल्यांदा तिने तोंड फिरवलं, दुसऱ्यांदा सिरिंजचं टोक चावून चावून सगळं संपवलं. रात्रीच्या पाळ्या वाटून झाल्यात, पहाटेची नवऱ्याने स्वतःहून घेतली. ऑपरेशन सोमवारी सकाळी आहे. बायोप्सीचा रिपोर्ट आला की इथेच लिहीन. तोवर एकच शंका: जखम बघायला तिला रोज उचलावं लागेल, टाक्यांवर ताण न येता कसं धरायचं?

गवतवाली

उचलायची गरजच नाही. तिच्या पोटाखाली आरसा सरकवता आला तर उत्तम, नाहीतर काचेच्या पारदर्शक झाकणावर किंवा ट्रेवर उभी करून खालून टॉर्च मारा, तोवर तिच्यासमोर ढोबळी मिरची धरा. उचलावंच लागलं तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पोट मोकळं ठेवून, आणि लगेच टॉवेलावर. सोमवारी संध्याकाळी दोन ओळी टाका, मी बघतेय.